टोपी कोणाच्या डोक्यावर?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात माझ्या सत्राचं नाव 'पाचशे वर्षांपूर्वीची जर्मन व्यंगचित्रं' असं वाचून काल जेवताना दोघीतिघींनी मला विचारलं, "अगं, आपण पोस्टर करायला शिकणार होतो ना? मध्येच हे जर्मनी कुठून काढलंस?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका संस्थेत लागले. बचत गटातल्या बायकांमध्ये काम होतं. वस्तीत लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे एजंट फिरत होते आणि आठवड्याच्या हप्त्यांनी बायका मेटाकुटीला आल्या होत्या. तेव्हा आम्ही एक पोस्टर केलं. कागदाचे दोन भाग. डावीकडे 'शहाणी शांता', नीटनेटकी, हातात बचतीचं पासबुक. उजवीकडे 'वेडी विमल', अंगावर नवी कोरी साडी, कानाला मोबाईल, आणि मागे हप्त्याचा कागद घेऊन उभा असलेला एजंट. ऑफिसात सगळे खूप हसले. मी सर्वांत जास्त हसले, कारण कल्पना माझी होती.

वस्तीत पोस्टर लावलं तेव्हा बायकाही हसल्या. एक मावशी मात्र हसल्या नाहीत. बैठक संपल्यावर सगळ्या गेल्या, तरी त्या भिंतीपाशीच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ताई, ही उजवीकडची मीच न्हवं? पर माझं कर्ज लुगड्यापायी न्हवतं. मालकांच्या आपरेशनचं व्हतं. तुमच्या चित्रात दवाखाना कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. मावशी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

शिकत असताना मी ग्रंथालयात जुन्या जर्मन चित्रांचं एक पुस्तक चाळलं होतं. ते मला आठवलं, कारण त्यातही शहाणे आणि मूर्ख यांचीच चित्रं होती. पुन्हा जाऊन ते पुस्तक काढलं. या वेळी मी चित्रकाराच्या बाजूने न बघता मावशींच्या बाजूने बघितलं. त्यात मला जे दिसलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. चित्रांच्या झेरॉक्स प्रती तुमच्या हातात आहेतच.

आधी पुस्तकाविषयी थोडं. ऱ्हाईन नदीकाठी, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये बाझल नावाचं शहर आहे. तिथे १४९४ साली, कार्निव्हलच्या दिवसांत, योहान बेर्गमान नावाच्या प्रकाशकाने 'दास नारेनशिफ' म्हणजे 'मूर्खांचं जहाज' हे पुस्तक काढलं. लेखक सेबास्टियन ब्रांट, कायद्याचा पंडित. पुस्तकात ११२ प्रकरणं. एकेका प्रकरणात एकेका जातीचा मूर्ख, आणि जवळपास प्रत्येक प्रकरणाला एक चित्र. रामदासांच्या दासबोधात मूर्खलक्षणांचा समास आहे, तो तुमच्यापैकी अनेकींनी ऐकला असेल. धाटणी साधारण तशीच, पण इथे लक्षणांच्या जोडीला चित्रं आहेत. त्यांतली बरीचशी आल्ब्रेख्त ड्यूरर या तरुण चित्रकाराची आहेत असं अभ्यासक मानतात. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही झालेला नव्हता.

ही चित्रं लाकडी ठशाची. लहानपणी आपण बटाटा कापून ठसे उमटवत होतो, तीच रीत. गुळगुळीत फळीवर चित्र काढायचं. जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथलं लाकूड कोरून काढायचं. उरलेल्या उभ्या रेघांना शाई लावून कागदावर दाब द्यायचा. ठसा आणि छपाईचे खिळे एकाच उंचीचे असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापले जायचे. त्यामुळे चित्र स्वस्त झालं. आधी हाताने रंगवलेलं चित्रांचं पुस्तक राजेरजवाड्यांकडे नाही तर मठात असायचं, आता ते बाजारात आलं. 'मूर्खांचं जहाज' इतकं खपलं की त्याच वर्षी इतर शहरांतल्या छापखान्यांनी त्याच्या चोरून आवृत्त्या काढल्या. १४९७ साली ते लॅटिनमध्ये आलं आणि त्यानंतर युरोपभर गेलं.

ब्रांट प्रस्तावनेत सांगतो की ज्याला वाचता येत नाही त्याने चित्र बघावं, त्यात त्याला स्वतःचं रूप सापडेल. आपल्या पुस्तकाला तो मूर्खांचा आरसा म्हणतो. म्हणजे आपण पोस्टर ज्या विचाराने करतो तोच विचार. अक्षर येत नसेल तर चित्र दाखवू, आणि चित्र बघून माणूस सुधारेल.

आता चित्रं बघू. मूर्ख कसा ओळखायचा? त्याच्या डोक्यावर गाढवाचे कान असलेली आणि घुंगरं लावलेली टोपी असते. पहिल्याच चित्रात एक पंडित भरपूर पुस्तकांमध्ये बसला आहे. डोळ्यांना चष्मा, हातात पिसांचा झाडू, त्याने तो पुस्तकांवरच्या माश्या हाकलतो आहे. पुस्तकं आहेत, पण कळलेलं काही नाही. आपल्याकडे त्याला 'पढतमूर्ख' हा नेमका शब्द आहे. मला हे चित्र फार आवडतं, कारण लेखक स्वतः पंडित असून त्याने जहाजात पहिली जागा पंडितालाच दिली आहे.

पण पानं उलटत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. टोपी घातलेले बहुतेक सगळे पुरुष आहेत. तुम्ही म्हणाल, बरं झालं की! आपल्याला वगळलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग बायका चित्रात कुठे कुठे आहेत ते मी शोधलं.

तेराव्या प्रकरणाचं चित्र बघा. विषय प्रेमप्रकरणांचा. मध्ये व्हीनस उभी आहे, पंख असलेली देखणी बाई. तिच्या हातात दोऱ्या आहेत आणि त्या दोऱ्यांना टोपीवाले मूर्ख बांधलेले आहेत. बरोबर एक गाढव आणि एक माकडही आहे. शेजारी डोळे बांधलेला क्यूपिड आणि तिच्या मागून डोकावणारा हाडांचा सापळा, म्हणजे मृत्यू. मूर्खपणा पुरुषांनी केला, पण दोरी कोणाच्या हातात? बाईच्या. म्हणजे टोपी त्याच्या डोक्यावर आणि दोष हिच्या हातात.

बत्तिसावं प्रकरण बायकोवर पहारा ठेवणाऱ्या नवऱ्यांचं. एक मूर्ख उन्हात टोळांची राखण करतो आहे, दुसरा विहिरीत पाणी ओततो आहे. वर खिडकीतून एक बाई बघते आहे. पालथ्या घड्यावर पाणी, तसं हे विहिरीत पाणी. ब्रांट म्हणतो, चांगल्या बाईला पहाऱ्याची गरज नाही आणि वाईट बाईला कुलूप पुरत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण त्या घरात दोन प्रकारच्याच बाया असू शकतात, चांगली आणि वाईट. मला कंटाळा आला म्हणून मी खिडकीशी उभी आहे, असं म्हणणारी बाई त्याच्या हिशेबात नाही. आणि त्यापुढचं चित्र व्यभिचाराचं. नवरा बोटांच्या फटीतून बघत जेवणाच्या टेबलाशी बसला आहे. आपल्या भाषेत, कानाडोळा करतो आहे. बायको काडीने त्याचं नाक गुदगुल्या करून खाजवते आहे. खाली मांजर उंदरांशी खेळतं आहे. मूर्ख पुन्हा तोच. पण मांजर कोण, ते सांगायला नको.

आता दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवा. माझं सगळं भाषण खरं म्हणजे या दोन चित्रांविषयी आहे. साठावं प्रकरण स्वतःवर खूश असणाऱ्या माणसाचं. टोपीवाला मूर्ख एका हाताने भांड्यातली लापशी ढवळतो आहे आणि दुसऱ्या हातात आरसा धरून स्वतःला न्याहाळतो आहे. आपण हसतो. त्याची लापशी करपेल, फार तर तेवढंच नुकसान. ब्याण्णवावं प्रकरण गर्वाचं. तिथे आरसा घेऊन बसलेली आहे ती बाई. पण ती बसली आहे आगीवर धरलेल्या फळीवर, आणि तिच्या मागे सैतान पाखरं पकडायचा सापळा घेऊन टपला आहे. आरसा तोच, आपलंच तोंड बघणं तेच. पुरुषाने बघितलं तर तो वेडपट, बाईने बघितलं तर तिच्याखाली आग. त्याला टोपी घातली आहे, आणि टोपी काढून ठेवता येते. तिला टोपी नाहीच, मग ती काय काढणार?

हे एका पुस्तकापुरतं राहिलं नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस योदोकुस बादियुस या विद्वानाने बायकांसाठी वेगळी जहाजं काढली. पहिलं जहाज ईव्हचं, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या बाईचं. मग डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाच इंद्रियांची पाच जहाजं. ब्रांटच्या जहाजावर वकील होते, वैद्य होते, सावकार होते, म्हणजे मूर्खपणा धंद्यातला, कामातला. बायकांचा मूर्खपणा मात्र त्यांच्या शरीरातच होता.

त्याच काळात, त्याच ऱ्हाईनच्या परिसरात, आणखी एक चित्रमाला तयार होत होती. १४८९ साली उल्रिख मोलिटर या कायदेपंडिताचं चेटकिणींविषयीचं पुस्तक आलं. त्यात लाकडी ठशाचं एक चित्र आहे. दोन बाया कढईत कोंबडा आणि साप टाकताहेत आणि वरून गारा कोसळताहेत. गंमत अशी की मोलिटर स्वतः लिहितो, बाईच्या अंगात गारा पाडायची शक्ती नसते, तो सैतानाने घातलेला भ्रम असतो. तरीही अशा बाईला शिक्षा व्हावी असं तो म्हणतोच, पण निदान मजकुरात शंका आहे. चित्रात शंका कशी काढणार? चित्रात बाया कढईपाशी आहेत आणि गारा पडताहेत, एवढंच दिसतं. ज्यांना मजकूर वाचता येत नव्हता त्यांच्यापर्यंत फक्त गारा पोचल्या. १५१० साली ड्यूररच्याच हाताखाली तयार झालेल्या हान्स बाल्डुंगने स्ट्रासबुर्गमध्ये चेटकिणींचं मोठं ठशाचं चित्र काढलं. स्ट्रासबुर्ग हे ब्रांटचं जन्मगाव. पुढच्या दोनशे-अडीचशे वर्षांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून, अभ्यासकांच्या अंदाजाने, ४० ते ५० हजार माणसं मारली गेली. त्यांत सुमारे पाऊण हिस्सा बायका होत्या. चित्रांमुळेच त्या मेल्या असं मी म्हणत नाही. त्यामागे धर्म होता, कायदा होता, दुष्काळ होते, शेजाऱ्यांची भांडणं होती. पण आरोप झाला तेव्हा अशी बाई कशी दिसते हे गावाला आधीच माहीत होतं. ज्या मैत्रिणी डाकीण ठरवलेल्या बायांसाठी काम करतात त्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

मग या चित्रांत शहाणी बाई नाहीच का? आहे. बाविसाव्या प्रकरणात प्रत्यक्ष शहाणपणच बाईच्या रूपात उभं आहे. डोक्यावर मुकुट, उंच आसनावरून लोकांना उपदेश करते आहे. जर्मन आणि लॅटिन भाषांत शहाणपण हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ती बाई. आपली बुद्धी स्त्रीलिंगी आहे तशीच. पण या बाईच्या खाली, बाझलच्या रस्त्यावर काय होतं? त्या शहरात १४६० सालापासून विद्यापीठ होतं आणि ब्रांट तिथेच शिकला आणि शिकवत होता. त्या विद्यापीठात पहिल्या विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला १८९० साली. देवी म्हणून मुकुट द्यायचा आणि विद्यार्थिनी म्हणून बाक द्यायचा नाही, ही रीत आपल्याही ओळखीची आहे. सरस्वतीचा फोटो आपल्या शाळांच्या भिंतीवर मुली वर्गात यायच्या कितीतरी आधीपासून होता.

याच बाझलची एक अलीकडची गोष्ट. १ फेब्रुवारी १९५९ला स्वित्झर्लंडमधल्या पुरुषांनी बायकांना मतदानाचा हक्क द्यायचा नाही असं मतदान करून ठरवलं. दोन दिवसांनी बाझलच्या मुलींच्या शाळेतल्या सुमारे ५० शिक्षिकांनी संप केला. त्यानंतर शहरात कार्निव्हल आला आणि त्यात या शिक्षिकांची टर उडवली गेली. म्हणजे जहाज छापलं गेलं ते शहर तेच, सण तोच आणि हसणंही त्याच जातीचं. देशाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क मिळाला १९७१ साली. संपावर गेलेल्या त्या शिक्षिका शहाण्या की मूर्ख, ते आता कोणी विचारत नाही.

मी ब्रांटला मोडीत काढायला उभी नाही. त्याच्याकडून घेण्यासारखी एक मोठी गोष्ट आहे. पुस्तकाच्या शेवटाकडे तो वाचकांची माफी मागतो आणि सांगतो की आपणही टोपीवालेच आहोत. त्याच्या हिशेबी शहाणपणाची सुरुवात तिथेच होते. आपल्याला टोपी आहे हे ज्याला कळलं तो शहाणपणाच्या वाटेला लागला. माझ्या पोस्टरमध्ये नेमकं हेच नव्हतं. त्यात मी कुठेच नव्हते. मी कागदाच्या बाहेर उभी राहून टोप्या वाटत होते.

आरशाची आणखी एक गोष्ट सांगते. १४०५च्या सुमारास, म्हणजे ब्रांटच्या नव्वद वर्षं आधी, पॅरिसमध्ये क्रिस्तीन द पिझाँ ही विधवा लेखिका होती. पंचविशीत नवरा गेला आणि तिने लेखणीवर घर चालवलं. तिच्या 'स्त्रियांचं नगर' या ग्रंथाची सुरुवात अशी आहे : ती बायकांची निंदा करणारं एक पुस्तक वाचते आणि वाचून खचते. इतके थोर पुरुष एकमुखाने सांगतात, तर आपण बायका वाईटच असणार. पाहा, ही मावशींचीच गोष्ट. 'ही मीच न्हवं?' मग तिच्यासमोर तीन स्त्रिया प्रकट होतात : विवेक, सचोटी आणि न्याय. विवेकाच्या हातात आरसा असतो. त्यात बघणारीला स्वतःची खरी ओळख पटते. विवेक तिला म्हणते, दुसऱ्यांनी लिहिलेलं सोड, तुझा स्वतःचा आणि तुझ्या ओळखीच्या बायांचा अनुभव काय सांगतो ते बघ. आणि त्या चौघी मिळून बायकांसाठी नगर बांधायला घेतात. हा ग्रंथ इंग्रजीत लंडनला छापला गेला १५२१ साली, ब्रांट वारला त्याच वर्षी.

म्हणजे आज आपल्यापुढे तीन आरसे आहेत. एक वेडपटाचा, एक आगीवर बसवलेल्या बाईचा आणि एक क्रिस्तीनचा. पोस्टर काढताना आपण यांतला कुठला आरसा बाईच्या हातात देतो आहोत, एवढं तपासायचं. त्यासाठी मी स्वतःला चार साधे प्रश्न विचारते. टोपी कोणाच्या डोक्यावर आहे? ती तिला काढता येईल का, की आपण ती तिच्या स्वभावालाच चिकटवली आहे? दोरी कोणाच्या हातात दाखवली आहे आणि खरी कोणाच्या हातात आहे? आणि चित्राच्या बाहेर काय राहिलं?

पुढच्या वर्षी आम्ही ते पोस्टर पुन्हा केलं, या वेळी वस्तीत बसून. मी या मूर्खांच्या चित्रांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. बायकांनी त्या हातोहात फिरवल्या आणि माश्या हाकलणाऱ्या पंडिताला बघून पोट धरधरून हसल्या. मग चित्र सुरू झालं. मी मावशींच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं होतं. त्यांनीच दवाखाना कुठे काढायचा ते सांगितलं, डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांत मोठा. मग एजंटाची मोटारसायकल आली, हप्त्याचा वार आला, मुलाची फी आली, दारूचा गुत्ता आला. शहाणी शांता आणि वेडी विमल दोघी गेल्या. त्यांच्या जागी हिशेबाची वही घेऊन बसलेल्या आठ-दहा बाया आल्या.

चित्र संपत आलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही कुठं आहात यात?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मावशींनी पेन्सिल घेतली. कोपऱ्यात खांद्याला झोळी अडकवलेली, हातात रजिस्टर घेतलेली एक बाई काढली, आणि झेरॉक्स बघून तिच्या डोक्यावर गाढवाचे दोन लांब कान काढले. एक घुंगरूसुद्धा.

ते पोस्टर अजून त्या वस्तीतल्या बालवाडीच्या भिंतीवर आहे. दुपारच्या सत्रात आपण कागद-पेन्सिली घेऊन बसणार आहोत. सुरुवात आपापल्या टोप्यांपासून करू या.

इथेच थांबते.